पालीच्या पायवाटेची मोजणी

८ फेब्रुवारी, रविवार

पळस फुलला. पालीच्या धरणाच्या भिंतीखालून टेकडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर पहिल्याच वळणाला तीन पळस आहेत. त्यातला मधला दरवर्षी आधी फुलतो, मग त्याचं बघून बाकीचे दोघं. आज त्याच्यावर पळस मैनांचा थवा उतरला होता. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि भोवती ती केशरी फुलं. मोजायला लागलो. एकशे चाळीसपर्यंत गेलो आणि सगळा थवा उठला, पाण्यावरून एक वळसा घेऊन पुन्हा तिथंच बसला. परत एकपासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला १६२ भरले. पस्तीस वर्षं भूमापक म्हणून जमीन मोजली. जमिनीचं एक बरं असतं, मोजताना ती उडून जात नाही.

वसंतातल्या मोजणीचं हे माझं बारावं वर्ष. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारापासून एप्रिलच्या पहिल्या रविवारापर्यंत तीच वाट, तेच दोन किलोमीटर, तेच अकरा थांबे, प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं. दिसलं ते लिहायचं आणि ऐकू आलं तेही लिहायचं. हे काम मला कुणी सांगितलेलं नाही.

यंदा सोबतीला आफ्रीन आहे. बीड आगारात कंडक्टर आहे, वय पस्तिशीच्या आसपास. दिवाळीनंतर मी तिच्या बसनं पालीला निघालो होतो, तेव्हा माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून तिकिटाच्या आधी तिनं विचारलं, "काका, ह्यातून काय बगता?" पाखरं, म्हटलं. पाली येईपर्यंत तिचे प्रश्न संपले नाहीत. पुढच्या रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, स्कूटी घेऊन ती धरणावर हजर. तेव्हापासून एकही रविवार चुकलेली नाही. मी साठीत शिकलो ते ती तीन महिन्यांत शिकली. पानाआडच्या पाखराकडे तिची मान आधी वळते, दुर्बीण नंतर जाते. मी विचारलं, हे कसं जमतं? म्हणाली, "काका, गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरची म्हातारी पुटपुटली तरी मला तिचं गाव कळतं."

कोकीळ, भारद्वाज, होला, टिटवी, तांबट, सगळे हजर. एकच गोष्ट खटकली. शिंपी पक्षी एकही नाही, वटवट्या नाही, चष्मेवाला नाही. बारीक पाखरं गेली कुठं?

१० फेब्रुवारी

अंगणातला शेवगा पांढरा झालाय. सकाळी चहा घेत बसलो होतो तर शिंजीर आला. नर होता. सावलीत काळाच दिसतो, पण उन्हात मान वळवली की जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा. अंगठ्याएवढं पाखरू, पण रुबाब असा की शेवगा त्याच्या नावावर आहे. फुलाला उलटं लटकून मध प्यायला, मग शेंड्यावर जाऊन बसला. चोच उघडली, गळा थरथरला, शेपटी वरखाली झाली, पण आवाज काही निघाला नाही. पाच मिनिटं तसाच चोच उघडून बसला होता बिचारा. असं मी कधी पाहिलं नाही.

वनमाला आतून म्हणाली, "आवं, तो टीव्ही बारीक करा की. कवापास्नं सांगायलेय." टीव्ही बराच हळू होता. तिचं हल्ली असंच चाललंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी मोजणी. सहाव्या थांब्यावर हळद्या दिसला. बाभळीच्या काळ्या फांदीवर पिवळाधम्मक. आफ्रीन बघतच राहिली. "ह्याला एवढं कावून सजवलं असंल अल्लानं? बाभळीवर बसायला?"

मोजणी संपल्यावर दोघांच्या वह्या जुळवतो. तिच्या वहीत चष्मेवाले ८, शिंपी ५, राखी वटवट्ये ११. माझ्याकडे तिन्ही ठिकाणी शून्य. मी म्हणालो, "आफ्रीन, नवीन माणसाला पाखरं जास्त दिसतात. नोकरीत नव्या मोजणीदारांचंही असंच व्हायचं, उत्साहात एकर वाढायचे. खात्री नसेल तर लिहायचं नाही." तिनं वही माझ्यापुढं सरकवली. मी तिचे आकडे लाल पेनानं खोडले. गुणी पोरगी आहे, राग धरला नाही.

घरी परतल्यावर जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांमागं ह्याच वाटेवर शिंपी बावीस होते. पुढच्या वर्षी पंधरा. मग नऊ. गेल्या वर्षी चार. यंदा शून्य. मोठी पाखरं जशीच्या तशी आणि किडे खाणारी बारीक पाखरं तेवढी संपली. ह्याचा अर्थ लावायला फार शहाणपण लागत नाही. वाटेच्या शेवटी सुंदररावांची आंब्याची बाग आहे. तिथं फवारा चालतो.

१८ फेब्रुवारी

वनमालाला ताप. थर्मामीटर लावून पाच मिनिटं बसलो तरी वाजेना. तिनंच काखेतून काढला आणि म्हणाली, "वाजून गेला की कवाच." तापात माणसाला भास होतात. नवीन थर्मामीटर आणला, तोही तसलाच निघाला. चिनी माल.

२२ फेब्रुवारी, रविवार

आफ्रीनचे रोजे सुरू झालेत. पहाटेची सहरी करून सहाला धरणावर. पाण्याचा घोट नाही, पण एका थांब्यावरही बसली नाही. मी दोनदा बाटली काढली आणि दोनदा परत ठेवली, तर म्हणाली, "काका, प्या तुमी. मला उलट बरं वाटंल."

बागेच्या बांधावर पंप धुताना मुस्तकीम भेटला. बीडचा फळवाला. सुंदररावांची बाग दरवर्षी मोहोरावरच ठेका ठरवून घेतो. मी सरळ विचारलं, "कशाचं औषध मारलं?"

"आत्ता न्हाई साहेब. मोहोर फुलायच्या आधी एकदा मारलंतं. आता मारलं तर मधमाशी पळंल, मग आंबा लागंल का?"

"मग पंप कशाला धुताय?"

"गळायलाय. दुरुस्तीला न्यायचाय."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणाऱ्याची नजर मला मोजणीच्या कामानं ओळखू येते, बांध सरकवणारे कमी पाहिले नाहीत. त्याची नजर स्थिर होती. मुरलेला दिसतो.

वाटेत मी आफ्रीनला सांगितलं की पेपराला पत्र लिहितोय. ती थांबली. "काका, अजून एक रविवार थांबू या का? पाखरं हायत, मला वाटतं."

"कुठं आहेत? दाखव मला."

तिनं एका झुडपाकडे हात केला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

खरं ते लिहायचं म्हणून वही आहे, तर लिहितो: मनात आलं की मुस्तकीम तिच्या ओळखीतला असेल, म्हणून सावरते. पत्र संध्याकाळी टाकलं. चार वर्षांचे आकडे, तक्ता करून.

२५ फेब्रुवारी

छापून आलं. तिसऱ्या पानावर, माझ्या नावासकट: 'पालीच्या बागेतील विषारी फवाऱ्याने पाखरे नष्ट, निवृत्त भूमापकाची बारा वर्षांची मोजणी'. शब्द थोडे भडक केलेत, पण तक्ता जसाच्या तसा. दिवसभर फोन. पुण्याहून लेकीचाही आला. ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही, बायकांचे आवाज ह्या नव्या फोनवर चिरकतात. "छान, छान," म्हणालो.

पेपर वनमालाच्या पुढ्यात ठेवला. तिनं दोनदा वाचला. मग म्हणाली, "तुमी नक्की बगितलं ना सगळं?" पस्तीस वर्षं माझ्या सहीवर कोर्टात निकाल लागले, आणि घरात हा प्रश्न.

१ मार्च, रविवार

आफ्रीन आली नाही. फोनही नाही. एकट्यानं वाट चाललो. काटेसावरीवर बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, कावळे, सगळ्यांची पंगत बसली होती. लाल फुलात तोंड घातलेला कोतवाल कपाळाला पराग लावून बाहेर येतो, देवळातून आल्यासारखा. वेड्या राघूंची जोडी तारेवरून झेप घ्यायची, हवेतच माशी धरायची, परत त्याच जागी येऊन ती तारेवर आपटायची. असं पाऊण तास बघितलं. एरवी हे सांगायला शेजारी कुणीतरी असतं.

बागेच्या फाटकावर राखणदार त्रिंबक भेटला. म्हणाला, "साहेब, तुमच्या पेपरानं लई काम केलं. मालकांनी मुस्तकीमभाईला सांगितलं, बाग सोड म्हणून."

"सोड म्हणजे?"

"म्हंजे सोड. मार्केटातपण लोक म्हणायलेत, इषारी आंबा नगं. आता मालक दुसऱ्या कुणाला द्येतेल. तशी त्यांची बोलणी आधीपास्नंच चालू हुती म्हणा."

मला पाखरं वाचवायची होती. कुणाची बाग काढून घ्यायची नव्हती. पण आकडे आकडेच असतात. घरी येऊन जेवलो नाही.

८ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

आफ्रीन धरणावर आधीच येऊन बसली होती. गेल्या रविवारी का आली नाही ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. चौथ्या थांब्यावर, बोराटीच्या जाळीपाशी, ती म्हणाली, "काका, रागावनार न्हाई ना?"

"कशाला रागावू?"

तिनं फोन काढला. आवाज साठवायचं काहीतरी उघडलं. पडद्यावर एक आडवी हिरवी रेघ होती, सपाट. ती म्हणाली, "मी बोलले की बगा." तिनं 'काका' म्हटलं, तशी रेघ डोंगरासारखी वर गेली आणि खाली आली. भारद्वाज घुमला, रेघ पुन्हा उठली. जमिनीचे चढउतार काढतात तसा आवाजाचा जणू छेदनकाशाच. मला ते आवडलंही.

"आता मी काही बोलत न्हाई. तुमी रेघंकडं बगा फक्त."

दोघं गप्प उभे राहिलो. वारा पडलेला. मला काहीच ऐकू येत नव्हतं, दूरवरच्या ट्रॅक्टरशिवाय. आणि रेघ उड्या मारत होती. टोकदार, एकामागून एक, सारख्या अंतरानं. थांबली. पुन्हा सुरू झाली. मी फोन हातात घेतला, हलवला, पुसला. तरी रेघ उड्या मारतच होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ती अगदी हळू बोलली असावी, मला तिच्या ओठांवरून कळलं. "शिंपी हाय काका. तुमच्या कोपराजवळ."

मी मान वळवली. हातभर अंतरावर, बोराटीच्या काट्यांत, हिरव्या पाठीचा, तांबड्या कपाळाचा शिंपी. शेपटी उभी. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. अख्खं अंग हलत होतं त्याचं ओरडताना. आणि मला काही, काही ऐकू येत नव्हतं.

मी तिथंच दगडावर बसलो. तो ओरडतच राहिला.

शेजारच्या दगडावर बसत आफ्रीन म्हणाली, "माझे अब्बा आगारात मिस्तरी होते. जन्म इंजनापाशी गेला, तर त्येंचंबी असंच झालतं. आमी घरातल्यांनी त्यांना चार वर्षं सांगितलंच न्हाई, वाईट वाटंल म्हणून. पोरं बोलायची, ते नुसतं हसायचे. मग हसायचेबी बंद झाले. तवा वाटलं, आधीच सांगितलं असतं तर. म्हणून तुमाला... मागच्या रविवारी येणार हुते. धीर झाला न्हाई."

मी विचारलं, "मी खोडलेले तुझे आकडे?"

"दुसऱ्या वहीत लिहिलेत. दर रविवारचे."

९ मार्च

वनमालाला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. "तीन वर्षं झाली," म्हणाली. "कुकराच्या शिट्ट्या ऐकू येत न्हाईत तुमाला. मी सांगायची, तुमी म्हणायचे कुकर बिघडला. दोन कुकर बदलले आपण."

आणि मुस्तकीमची बाग.

११ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. सुरुवातीला दाबत होतो. मग बराच वेळ दाबायला काही आलंच नाही. वाटलं परीक्षा थांबली. ती चालू होती.

बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून सपाट येते, निम्म्यावर कडा लागतो आणि सरळ दरीत उतरते. आयुष्यभर असे उतार काढले, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. कोकीळ, होला, भारद्वाज पठारावर. शिंपी, शिंजीर, चष्मेवाला, सगळे दरीत. म्हणजे माझ्या त्या तक्त्यात पाखरं कमी झालीच नव्हती. चार वर्षं मी माझेच कान मोजत होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्रानं काही परत येईल, सगळं येणार नाही. आधी सवय करावी लागेल.

शेवग्यावरचा तो शिंजीर पाच मिनिटं गात होता. मी त्याला बिचारा म्हणालो.

१३ मार्च

पेपरच्या कचेरीत गेलो. संपादक तरणा आहे, आदरानं बसवलं, चहा मागवला. मी लिहून नेलेलं वाचलं आणि कागद परत सरकवला. "सर, कशाला स्वतःचं हसं करून घेता? लोक विसरलेत. शिवाय फवारे काय चांगले असतात का?"

"चांगले नसतात. पण ह्या माणसानं मारला नव्हता, आणि मी मारला म्हणून सही केली."

"थोडं मोघम करू. 'नव्या माहितीनुसार' असं काहीतरी."

म्हणालो, मोघम नको. माझ्या नावासह, आणि कान हा शब्द त्यात हवा. त्यानं कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. शेवटी म्हणाला, छापतो. चहा थंड झाला होता, तोही मी पिऊन टाकला.

१५ मार्च, रविवार

मोजणी उरकून आफ्रीनच्या स्कूटीवर मागं बसून चौसाळ्याला सुंदररावांच्या घरी गेलो. आज तिच्या वहीतले आकडे मी लाल नाही, निळ्या पेनानं माझ्या वहीत उतरवले: शिंपी १९, राखी वटवट्ये २३, चष्मेवाले १४. गेल्या चार वर्षांच्या पानांवर समासात लिहिलं, 'मोजणारा बहिरा होता. आकडे धरू नयेत.' जमिनीच्या कागदावर चूक निघाली की आम्ही असंच करायचो, खोडायचं नाही, शेरा मारायचा.

सुंदररावांच्या दारात आठदहा माणसं बसली होती. गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी खुर्ची दिली. ओट्यावर भिंतीला टेकून त्यांची आई, केसरबाई, नव्वदीच्या पुढच्या, पाय पसरून बसलेल्या. माझा खुलासा छापलेला कालचा पेपर मी पुढं केला.

"वाचला की," सुंदरराव म्हणाले. "पण साहेब, आता त्याचा उपयोग काय? दुसऱ्याशी बोलणं झालंय माझं."

"मुस्तकीमशी आधी झालं होतं."

"झालतं. पण तुमीच पेपरात दिलं ना, इष मारतो म्हणून? मला नाव खराब हुनारा माणूस बागेत कावून ठेवायचा?"

"मी दिलेलं चुकीचं होतं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पाखरं तिथंच होती."

ओट्यावरून केसरबाई ओरडल्या, "काय म्हनायला त्यो?"

मीच उठून त्यांच्याजवळ गेलो, वाकलो. "मावशी, मला ऐकू येत नाही, असं म्हणतो."

"आं?"

"माझे कान गेलेत!"

"कुनाचे?"

"माझे! कान! गेलेत! म्हणून मी त्या फळवाल्यावर खोटा आळ घेतला!"

समोरच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. रस्त्यानं जाणारी दोन पोरं उभी राहिली. मला वाटलं होतं ह्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. म्हातारीच्या तोंडावर एकदम उजेड पडला. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "माजेबी गेलेत, बाबा. बस हितं." मग लेकाकडे वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं, "सुंदर, ह्यो मानूस चारचौघांत आपली खोड सांगायलाय. आन् तू दिल्याला शबूद फिरवायलास व्हय रं?"

सुंदरराव हसले, पण ते हसू लवकर संपलं. खाली बघून पायातली चप्पल सरळ केली. "बगतो," म्हणाले.

आफ्रीन रस्त्याच्या पलीकडे स्कूटीपाशी उभी होती. रोज्यात, उन्हात, दीड तास. मी जवळ गेल्यावर तिनं हेल्मेट माझ्या हातात दिलं. ह्या पोरीवर मी काय काय संशय घेतला ते ह्या वहीत आहे. ते पान मी तिला दाखवलं. तिनं वाचलं, वही मिटली. "काका, माणसाच्या मनात येतंच. तुमी निदान लिहिलं तरी."

१९ मार्च

पाडवा. सकाळी त्रिंबकचा फोन. तो ओरडून बोलतो त्यामुळे सगळं कळलं. मुस्तकीमभाईनं बागेत परत खोपट घातलं. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्यात.

यंत्रही आजच आलं. कानामागं बसतं. पहिले दोन तास भयंकर. पिशवी चुरगळली की कागदाचा कारखाना, वाटी ठेवली की घण. पाखरांचं म्हणाल तर मुनियांचा थवा शेवग्यावर आला तेव्हा वाळू सांडल्यासारखं काहीतरी झालं. ते त्यांचं बोलणं होतं की यंत्राचं, अजून सांगता येत नाही. पण काल तिथं काहीच नव्हतं.

२२ मार्च, रविवार

काल ईद झाली. आफ्रीन डबा घेऊन आली, आठव्या थांब्यावर दगडावर बसून आम्ही तो संपवला. मोजणीची पद्धत बदलली आहे. दोघांनी एकच वही करायची. ती कान, मी डोळे. ती म्हणते, "उजवीकडं, बाभळीत, वटवट्या," मग मी शोधून नर का मादी, पिल्लं आहेत का, घरट्याला काडी नेतो का, ते सांगतो. एका शिंप्यानं उंबराची दोन पानं कापसाच्या धाग्यानं टाचून आत घरटं केलंय. टाका बघून मी थक्क झालो. गाठ मारलेली नाही, धाग्याचं टोक पिंजून फुलवलंय, म्हणून सुटत नाही. बारा वर्षांत मी असं घरटं दोनदा पाहिलं. आवाज ऐकला की नाव लिहून पुढं जायची सवय होती. आता थांबून बघावं लागतं, तर हे दिसतं.

५ एप्रिल, रविवार

शेवटची मोजणी. पळस आता नुसत्या पानांचे. पळस मैना निघून गेल्या, कुठल्या कुठं, हजारो कोस. चार उरल्या होत्या, त्यांची नोंद केली.

अकरावा थांबा बागेच्या फाटकाशी. मुस्तकीम आत काठीनं कैरीचे घोस आधारत होता. आम्हाला बघून फाटकाशी आला. मी त्याच्याशी बोलायचं ठरवून आलो होतो, शब्दही जुळवले होते. तो म्हणाला, "पेपर वाचला मी, साहेब. दोन्हीबी." माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. मग फाटकाची कडी काढली. "आत या. सावली हाय. बाहेरूनच मोजता दरवर्षी."

आत खरंच गार होतं. जुनी झाडं, खाली पाचोळा, पाटाचं पाणी झिरपून ओल झालेली. आम्ही तिघं चालत होतो. आफ्रीन पुढं, मान एकीकडे कलती करून. मुस्तकीम काहीतरी सांगत होता, कोणत्या झाडाला कधी मोहोर आला ते.

मला पाटाच्या कडेला अंधारात एक पांढरी रेघ हलल्यासारखी दिसली. वाटलं, प्लॅस्टिकची पट्टी अडकली असेल. मग तिला डोकं दिसलं. काळंभोर डोकं, तुरा, डोळ्याभोवती निळं कडं. बाकी सगळं दुधासारखं पांढरं, आणि शेपटीच्या दोन पट्ट्या हातभर लांब, वाऱ्यावर सोडल्यासारख्या. स्वर्गीय नर्तक. बारा वर्षांत ह्या वाटेवर एकदाही नाही. मी दोघांच्या पुढं हात आडवा धरला.

तो फांदीवरून निघाला, पाण्याला टेकला, वर आला. शेपटी मागून आली, तिचाच वेगळा जीव असल्यासारखी वळण घेत. पुन्हा टेकला. तीनदा. मग आमच्यापासून दहा पावलांवर बसून अंग झटकलं, पाण्याचे थेंब उडाले, आणि एका कवडशात तो असा काही पांढरा झाला की मुस्तकीमच्या तोंडून आपोआप "सुभानअल्ला" निघालं.

"दूधराज," आफ्रीन कुजबुजली. ते मला यंत्रातून नीट ऐकू आलं. "आमच्यात दूधराज म्हणतात. अम्मी सांगायची. मला वाटायचं गोष्टीतलाच हाय."

"वीस वर्सं बाग करतो मी," मुस्तकीम म्हणाला. "नजर कायम आंब्यावर. ह्यो कवा दिसलाच न्हाई."

कुणी हललं नाही. किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही, त्यामुळे नोंद नाही. तो गळा फुगवून बसला होता, चोच किंचित उघडी. यंत्राला हात लावला, आवाज वाढवला. पानं सळसळली, पाट वाहत होता. दुसरं काही नाही.

मी आफ्रीनच्या कानाशी वाकलो. "काय म्हणतोय?"

तिनं डोळे मिटून नीट ऐकलं, मग मान हलवली.

"काही न्हाई, काका. खरंच गप हाय."

मग आम्ही तिघं तसेच उभे राहून त्याचं गप्प बसणं ऐकत राहिलो.

दूधराज, नर, १.